वाचकांचे प्रश्न : विषय शिकवताना भाषा, भाषा शिकवताना विषय

डिजिटल साहित्याच्या आधारे भाषा आणि विषय एकत्र शिकवण्याविषयी गेल्या काही महिन्यांत शिक्षकांची बरीच पत्रे आली. बहुतेकांनी साधनांची नावे विचारली आहेत. पत्रे वाचताना मात्र खरी अडचण साधनांच्या अलीकडेच आहे, असे वाटत राहिले. म्हणून साधनांची यादी देण्याऐवजी निवडक प्रश्नांना थोडी सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी आठवीच्या वर्गाला विज्ञान इंग्रजीतून शिकवतो. मुलांची घरची भाषा मराठी आहे. विद्युत परिपथावरच्या उत्तम इंग्रजी चित्रफिती मी वर्गात दाखवतो, मुले त्या मन लावून पाहतात, विचारले तर ‘समजले’ असेही सांगतात. पण त्याच विषयावर दोन वाक्ये बोलायला सांगितली की वर्ग गप्प होतो. विषय आणि भाषा एकत्र शिकवण्याची पद्धत म्हणतात ती हीच का? आणि हीच असेल तर माझे काय चुकते?

उत्तर : ती पद्धत ही नव्हे. परभाषेतली चित्रफीत दाखवल्याने विषय परभाषेतून ऐकवला जातो, एवढेच. तुमच्या पत्रातले निरीक्षण मात्र मोलाचे आहे : मुलांना समजते, पण बोलता येत नाही. हेच निरीक्षण पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या गावी १९६५ मध्ये इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहावरून बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग सुरू झाले आणि पुढे तसे वर्ग देशभर निघाले. या वर्गांतली मुले विषयात मागे पडली नाहीत. फ्रेंच ऐकून आणि वाचून समजण्यात तर ती फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोचली. तरीही वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शिकूनसुद्धा त्यांच्या बोलण्यालिहिण्यात व्याकरणाच्या ठरावीक चुका राहूनच गेल्या. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचे कारण असे मांडले की ऐकताना आणि वाचताना माणूस संदर्भाच्या व अंदाजाच्या बळावर वेळ मारून नेऊ शकतो, पण स्वतः वाक्य रचायचे म्हटले की कर्ता कोणता, क्रियापद कोणते, काळ कोणता, हे ठरवावेच लागते, आणि ती वेळच या मुलांवर पुरेशी येत नव्हती.

चित्रफितीत तर अंदाजाला आणखी वाव असतो, कारण दिवा लागलेला डोळ्यांना दिसतच असतो. तुमचे विद्यार्थी खोटे बोलत नाहीत. त्यांना चित्र समजले आहे. वाक्य समजले की नाही, हे तपासण्याची वेळ त्यांच्यावर आणि तुमच्यावरही आलेली नाही.

‘आशय आणि भाषा यांचे एकात्मिक अध्ययन’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड मार्श यांनी १९९४ मध्ये मांडली; तिच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘क्लिल’ म्हणतात. संज्ञेपेक्षा याच पद्धतीच्या अभ्यासक डू कॉयल यांनी पुढे केलेली भाषेची तीन भागांतली विभागणी वर्गात जास्त उपयोगी पडते. पहिला भाग विषयाच्या स्वतःच्या भाषेचा, म्हणजे संज्ञा आणि त्या विषयाला लागणारी वाक्यरचना. दुसरा भाग शिकण्याच्या कामासाठी लागणाऱ्या भाषेचा : प्रश्न विचारणे, शंका काढणे, ‘मला वेगळे वाटते’ असे सांगणे, जोडीदाराला सूचना देणे. तिसरा भाग शिकता शिकता अचानक गरज पडणाऱ्या भाषेचा, जो आधी ठरवता येत नाही. आपले बहुतेक डिजिटल धडे पहिल्या भागाच्या निम्म्यावरच, म्हणजे संज्ञांवर थांबतात.

तुमच्याच धड्यातला ‘क्लोज्ड सर्किट’ हा शब्दप्रयोग घ्या. मुलाच्या मनात ‘क्लोज्ड’ म्हणजे ‘बंद’ हे पक्के बसलेले असते. घरी दिवा ‘बंद’ केला की विझतो, नळ ‘बंद’ केला की पाणी थांबते. तेव्हा सर्किट ‘क्लोज्ड’ झाले म्हणजे दिवा विझणार, हा त्याचा तर्क भाषेच्या अंगाने अगदी सरळ आणि विज्ञानाच्या अंगाने अगदी उलटा असतो. पडद्यावर दिवा लागतो, म्हणून तो मान डोलावतो. गोंधळ आत तसाच राहतो. मराठीतून ‘बंद परिपथ’ वाचणाऱ्या मुलाचाही हाच घोटाळा होतो, म्हणजे दोष इंग्रजीचा नाही. माळेची दोन टोके जोडली की माळ बंद होते, त्या अर्थाने परिपथ ‘बंद’ असतो : वाट जिथून निघाली तिथे न तुटता परत पोचली. हा एक अर्थ नीट उलगडला की त्या तासाचे विज्ञानही शिकवून होते आणि भाषाही. दोन्हींसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. दोन्ही एकत्र शिकवण्याचा अर्थ मी असा घेतो.

आता चित्रफितीचे काय करायचे? ती ठेवा, पण कळ दाबण्याच्या क्षणाआधी थांबवा आणि पुढे काय होईल ते प्रत्येकाला एका पूर्ण वाक्यात लिहू द्या. वाक्याचा सांगाडा तुम्हीच द्या : ‘इफ वी ओपन द स्विच, द बल्ब विल...’ आणि पुढे ‘बिकॉज’. पहिल्या आठवड्यात सांगाडा जवळजवळ पूर्ण असावा, नंतर त्यातले शब्द कमी करत जावेत. इमारत उभी राहत जाते तशी परांची उतरवतात, तसे. दुसरा उपाय मला चित्रफितीपेक्षाही परिणामकारक वाटतो. कोलोराडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या प्रकल्पात, पडद्यावर तारा, घट आणि दिवे जोडून परिपथ तयार करण्याची आभासी प्रयोगशाळा विनामूल्य मिळते. दोन मुले पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात तयार परिपथाची आकृती, दुसऱ्यासमोर कोरा पडदा; पहिल्याने फक्त बोलून दुसऱ्याकडून तोच परिपथ जोडून घ्यायचा. येथे बोट दाखवता येत नाही, मान डोलावून भागत नाही, आणि सूचना चुकली तर दिवाच लागत नाही. चूक दाखवायला शिक्षकाची गरज पडत नाही, हा त्यातला मोठा फायदा. वर्गात गलका होईल, तो सोसावा.

प्रश्न : मी भाषा शिकवते. आता मला बाष्पीभवन आणि अपूर्णांकही शिकवावे लागणार का?

उत्तर : नाही. पण विज्ञानाच्या आणि गणिताच्या पुस्तकातली वाक्ये मात्र तुम्हाला वाचावी लागतील, कारण विषयशिक्षकाला ती दिसत नाहीत. हा त्यांच्यावर आक्षेप नाही. रोजच्या वापरातल्या भिंगातून माणूस पाहतो, भिंगाकडे पाहत नाही. ‘मीठ पाण्यात टाकून ढवळले असता ते विरघळते’ या वाक्यात विज्ञानशिक्षकाला मीठ दिसते; तुम्हाला ‘ढवळले असता’ दिसले पाहिजे. घरात कोणी ‘असता’ म्हणत नाही. ‘जसजसे तापमान वाढते, तसतसे...’ ही रचना दोन बदलत्या गोष्टींचा संबंध सांगते आणि आलेखावरचा पाठ तिच्यावाचून उभाच राहत नाही. ‘ज्या संख्येला फक्त दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या’ हे व्याकरणाच्या तासातले ‘जो–तो’चे वाक्यच आहे. एका घटकासाठी अशा पाचसहा रचना काढून विषयशिक्षकाच्या हाती दिल्या आणि आपल्या तासाला त्याच रचना त्याच घटकातल्या उदाहरणांनी घोटून घेतल्या, तर दोघांचेही काम झाले. त्यासाठी दर घटकाला अर्धा तास एकत्र बसावे लागते. वेळापत्रकात तो अर्धा तास नसतो, ही या पद्धतीपुढची सर्वांत मोठी अडचण आहे, आणि कोणत्याही साधनाने ती सुटत नाही.

प्रश्न : मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही परिसर अभ्यासाचे डिजिटल धडे तयार करतो आहोत. प्रत्येक शब्दावर बोट ठेवताच अर्थ दिसावा, अशी सोय केली. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक शब्दांना ‘अर्थ सापडला नाही’ असा संदेश येतो. दुसऱ्या भाषांत हे चालते, तर मराठीत का चालू नये?

उत्तर : कल्पना चांगली आहे आणि चांगल्या प्रकारे अमलात आणलेलीही आहे. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या सॉल मोर ऑस्टेग या, तिथल्या गेलिक भाषेच्या महाविद्यालयातून ‘क्लिलस्टोअर’ नावाचे साधन निघाले. त्यात शिक्षकाने मजकूर आणि सोबत चित्रफीत किंवा ध्वनिफीत घातली की मजकुरातला प्रत्येक शब्द आपोआप निरनिराळ्या ऑनलाइन शब्दकोशांना जोडला जातो. गेलिकसारख्या, पाठ्यसाहित्य थोडे असलेल्या भाषेच्या शिक्षकांना स्वतःचे धडे स्वतः रचता यावेत, ही त्यामागची गरज आपल्या ओळखीची आहे.

मराठीत ते अडते त्याचे कारण आपल्याला शाळेत पाठ करून घेतलेले आहे : सामान्यरूप. तुमच्या धड्यात असे वाक्य आहे असे समजा : ‘उन्हामुळे तळ्यातल्या पाण्याची वाफ झाली.’ कोशात ‘ऊन’ आहे, ‘उन्हामुळे’ नाही. ‘तळे’ आहे, ‘तळ्यातल्या’ नाही. ‘पाणी’ आहे, ‘पाण्याची’ नाही. ‘झाली’ शोधणाऱ्याला ‘होणे’ कसे सापडणार? पाच शब्दांच्या या वाक्यात जसाच्या तसा कोशात मिळणारा शब्द एकच, ‘वाफ’. इंग्रजी शब्दाला बहुधा फार तर एखादा प्रत्यय लागतो आणि मूळ शब्द बहुतेक वेळा शाबूत राहतो. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दच रूप बदलतो, त्यावर विभक्ती, तिच्यावर शब्दयोगी अव्यय, आणि कधी त्यावर पुन्हा ‘ल्या’, ‘च्या’ चढतात. मूळ रूपापर्यंत पोचवणारी सोय साधनात नसेल तर नुसता कोश जोडून भागत नाही.

यावर माझा सल्ला थोडा जुन्या वळणाचा वाटेल. प्रत्येक शब्दाला दुवा देण्याचा हट्ट सोडा. एका धड्यात पंधरा ते वीस शब्द निवडा आणि त्यांच्या नोंदी हाताने करा. ‘पाण्याची’ या शब्दावर बोट ठेवताच नुसता अर्थ न दाखवता ‘पाणी – पाण्या – पाण्याची, पाण्यात, पाण्यामुळे’ अशी ओळ दिसू द्या. तीन धड्यांनंतर मुलाला ‘लोणी – लोण्यात’ न सांगता जमेल, म्हणजे नोंदीने अर्थही दिला आणि व्याकरणही शिकवले. कोणतेही यंत्र आपण होऊन देत नाही ते हे, आणि तुमच्या धड्याची किंमत त्यातच आहे. कोणते वीस शब्द? जे शब्द घरातही आहेत आणि विषयातही आहेत, पण दोन ठिकाणी निराळे आहेत, ते आधी घ्या. गणितातले ‘घात’, ‘पाया’, ‘पद’, ‘अंश’, ‘मूळ’. विज्ञानातले ‘कार्य’, ‘बल’, ‘शक्ती’. व्यवहारात ओझे धरून तासभर उभा राहिलेला माणूस दमतो आणि त्याने खूप काम केले असे आपण म्हणतो. भौतिकशास्त्रात त्याने त्या ओझ्यावर केलेले कार्य शून्य, कारण विस्थापन नाही. या शब्दांचा कोशातला पहिला अर्थ दाखवणे हे अर्थ न दाखवण्यापेक्षाही वाईट, कारण मूल तो अर्थ घेऊन निश्चिंतपणे पुढे जाते. ‘प्रकाशसंश्लेषण’ किंवा ‘बाष्पीभवन’ यांसारखे भारदस्त शब्द त्या मानाने निरुपद्रवी असतात. ते अनोळखी आहेत हे मुलाला निदान दिसते तरी.

एक तांत्रिक बाब राहिली. तुमचा काही मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असेल तर पडद्यावर तो मराठी दिसला तरी यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची भेळ असते. त्यात कोश, शोध आणि मजकूर वाचून दाखवणारी सोय, यांपैकी काहीच चालणार नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना अक्षरे ओळखता येणाऱ्या समान पद्धतीत, आणावा आणि रूपांतर झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरे आणि रफार यांची मोडतोड याच पायरीवर होते.

प्रश्न : परभाषेतल्या चित्रफितीखाली अक्षरे दाखवावीत का? दाखवली तर कोणत्या भाषेत? एका प्रशिक्षणात मला सांगितले गेले की बोलणे आणि तेच लिहिलेले एकाच वेळी दाखवले तर शिकण्यात अडथळा येतो.

उत्तर : प्रशिक्षणात सांगितले ते शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम अध्ययनाविषयीच्या संशोधनातून आलेले तत्त्व आहे, आणि ज्याला ऐकू येणारी भाषा सहज कळते त्याच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी बरोबरच आहे. त्याला चित्र पाहायचे असते आणि खालचा मजकूर त्याची नजर विनाकारण ओढून घेतो. नवी भाषा शिकणाऱ्याची स्थिती मात्र निराळी असते. त्याच्या कानावर पडतो तो आवाजाचा सलग ओघ; कोठे शब्द संपला आणि कोठे दुसरा सुरू झाला, हेच त्याला कळत नाही. खाली तेच शब्द सुटे लिहिलेले दिसले की ओघाचे तुकडे पडतात. म्हणून त्याच भाषेतली अक्षरे अशा विद्यार्थ्याला अडथळा न होता आधार होतात. मातृभाषेतली अक्षरे दाखवली तर आशय लवकर कळतो, पण कान मिटतात. मूल वाचते आणि ऐकणे सोडून देते.

त्यामुळे अवघड घटक असेल तर पहिल्यांदा मातृभाषेतल्या अक्षरांसह, नंतर चित्रफितीच्याच भाषेतल्या अक्षरांसह आणि शेवटी त्यातला एक मिनिटाचाच तुकडा अक्षरांवाचून, असा क्रम ठेवावा. दहा मिनिटांची चित्रफीत तीनदा दाखवण्याची कल्पना मनातही आणू नका. तीन मिनिटांचा तुकडा पुरे. यंत्राने आपोआप केलेली अक्षरे वापरणार असाल तर ती आधी स्वतः वाचून पाहा. साधी वाक्ये यंत्र बरी टिपते आणि चुकते ते नेमके पारिभाषिक शब्दांत, म्हणजे ज्या शब्दांसाठी आपण तो खटाटोप करत असतो तेथेच.

प्रश्न : इंटरनेटवर विनामूल्य मिळणाऱ्या धड्याचे भाषांतर करून आमच्या संकेतस्थळावर ठेवले तर चालेल का?

उत्तर : विनामूल्य पाहता येते म्हणजे भाषांतर करून प्रसिद्ध करता येते, असे नाही. धड्याखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे साहित्य इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे ते आधीच सांगणारा, परवाना आहे का ते पाहा; हे परवाने २००२ पासून प्रचारात आहेत आणि त्यांची अक्षरे वाचायला शिकणे अवघड नाही. ‘बीवाय’ म्हणजे मूळ कर्त्याचा उल्लेख हवा, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी उपयोग नको, ‘एसए’ म्हणजे तुमचे रूपांतरही त्याच अटींवर खुले ठेवायचे. ‘एनडी’ दिसले तर थांबा : बदल केलेली आवृत्ती प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि भाषांतर हा बदलच धरला जातो. काहीच लिहिलेले नसेल तर सर्व हक्क राखीव आहेत असे समजून परवानगी मागावी.

प्रश्न : एकत्रित धड्यानंतरच्या चाचणीत एखाद्याचा आशय बरोबर आणि भाषा चुकीची असेल, तर गुण कसे द्यावेत? संगणकावरच्या गाळलेल्या जागांत तर ‘बाष्पिभवन’ असे ऱ्हस्व लिहिणाऱ्याला यंत्र सरळ शून्य देते.

उत्तर : जलचक्रावरची दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहू. पहिले : ‘पाणी उन्हाने तापते, वाफ वर जाते, वर थंड होते, मग थेंब होतो आणि परत खाली येतो.’ दुसरे : ‘बाष्पीभवन व संघनन या प्रक्रियांमुळे जलचक्र अव्याहत सुरू राहते.’ दुसऱ्या उत्तराची भाषा निर्दोष आहे, पण ते पुस्तकातून उचललेले असू शकते आणि त्यावरून लिहिणाऱ्याला काय कळले ते कळत नाही. पहिल्यात प्रक्रियेचा क्रम आणि कारण दोन्ही आहे, फक्त नावे नाहीत. मी पहिल्याला आशयाचे जवळजवळ पूर्ण गुण देईन आणि त्याच्या शेजारी लिहीन : ‘वाफ वर जाते – याला आपण काय म्हणतो? ते नाव घालून वाक्य पुन्हा लिही.’ दुसऱ्याला कोरी आकृती देऊन बाण काढायला सांगेन.

तत्त्व असे की कोणत्या प्रश्नात काय मोजतो आहोत, ते प्रश्न लिहितानाच ठरलेले असावे आणि विद्यार्थ्यालाही माहीत असावे. आशय मोजायचा असेल तर उत्तरातला भाषेचा भार कमी करा : चित्रांचा क्रम लावणे, आकृतीला नावे ओढून लावणे, चूक विधान ओळखणे. असे प्रश्न डिजिटल साधनांत उत्तम होतात. भाषा मोजायची असेल तर आशय हाताशी द्या. आकृती समोर ठेवा आणि तिचे वर्णन लिहून घ्या. असे वर्णन माणसानेच तपासावे. दोन्ही एकत्र मोजायचे झाल्यास गुणांचे दोन रकाने ठेवा आणि एका रकान्यातले दुसऱ्यात कापू नका.

यंत्राच्या शून्याला उपाय आहे. नॉर्वेत सुरू झालेले ‘एचफाइव्हपी’ हे संगणकावरचे स्वाध्याय तयार करण्याचे मुक्त साधन वापरत असाल, तर गाळलेल्या जागेत तिरकी रेघ देऊन एकाहून अधिक उत्तरे ग्राह्य धरता येतात आणि किरकोळ शुद्धलेखनाच्या चुका मान्य करण्याचा पर्यायही निवडता येतो. ‘बाष्पिभवन’ ग्राह्य धरा, पण त्यानंतर योग्य रूप पडद्यावर दिसेल असा प्रतिसाद लिहून ठेवा. ऱ्हस्वदीर्घाला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. ज्या प्रश्नात ते मोजायचे त्याच प्रश्नात मोजावे, एवढेच.

प्रश्न : मी एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. पुढील वर्षापासून विज्ञान आणि गणित हे दोन्ही विषय पूर्णपणे नव्या भाषेतून, डिजिटल साहित्यासह सुरू करावेत, असा पालकांचा आग्रह आहे. मुले मागे पडतील अशी भीती वाटते. मुले एकमेकांशी ती भाषा बऱ्यापैकी बोलतात, असे पालकांचे म्हणणे आहे.

उत्तर : तुमची भीती अनाठायी नाही. पालकांच्या निरीक्षणातही तथ्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले. कॅनडात आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना खेळण्याबोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला मात्र पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. ती मुलेसुद्धा घराबाहेर दिवसभर ती भाषा ऐकणारी होती. तुमच्या मुलांना ती वर्गापुरतीच मिळणार आहे. मैदानावर ‘पास द बॉल’ सहज म्हणणारा मुलगा ‘दिलेल्या आलेखावरून अनुमान काढा’ हे त्याच भाषेत पेलू शकेलच, असे नाही.

मोठ्या प्रमाणावर घाई केल्याचे उदाहरणही समोर आहे. मलेशियाने २००३ पासून विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकवण्याचे धोरण स्वीकारले. शिक्षकांना संगणक आणि पाठांच्या तयार तबकड्या दिल्या गेल्या, म्हणजे डिजिटल साहित्याची वाण नव्हती. तरीही २००९ मध्ये ते धोरण मागे घेण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने माघार सुरू झाली. पुढे त्या देशात इंग्रजीचा पर्याय निराळ्या स्वरूपात पुन्हा आला, तेव्हा तो वाद संपला असे कोणी समजू नये. पण साहित्य हाती देऊन भाषा आपोआप येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

माझे मत विचाराल तर दोन्ही विषय एकदम बदलू नका. एक विषय घ्या, त्यातलेही दोन किंवा तीन घटक घ्या, आणि ज्यांत हाताने करून पाहण्यासारखे पुष्कळ आहे असे घ्या : परिपथ, पदार्थांचे विरघळणे, कोन आणि त्रिकोण. कोन आणि त्रिकोणांसाठी ‘जिओजेब्रा’ हे पडद्यावर आकृत्या काढण्याचे साधन विनामूल्य आहे आणि त्यात बिंदू ओढला की काय बदलते व काय बदलत नाही, हे बोलून दाखवण्याचा भरपूर सराव होतो. अवघड संकल्पना आधी घरच्या भाषेत पक्की होऊ द्या आणि मग नव्या भाषेत तिच्यावर बोलू द्या. एका भाषेत कळलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत नव्याने कळून घ्यावी लागत नाही, तिला नवे शब्द लागतात. गटात चर्चा करताना मुले घरच्या भाषेत बोलली तर दंड करू नका, मात्र गटाने वर्गापुढे मांडायचे ते नव्या भाषेत मांडावे, असा संकेत ठेवा. पहिल्या सत्राच्या शेवटी त्याच घटकावरची छोटी चाचणी दोन्ही भाषांत घ्या. घरच्या भाषेतल्या चाचणीतही मुले अडखळत असतील तर आशयच पोचलेला नाही, आणि दुसऱ्या सत्रात घटक वाढवू नयेत. तेथे नीट लिहितात आणि नव्या भाषेत अडतात, असे दिसले तर कोणत्या वाक्यावर अडतात त्याची नोंद भाषेच्या शिक्षिकेकडे द्या. पालकांच्या सभेत त्या दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून दाखवाव्यात.